डिमेलोबाईंची साक्ष

डिमेलोबाईंच्या सेवापुस्तकात चार मेमो होते आणि चारही दुसऱ्यांच्या चुकांचे. एक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाचा, एक ग्रंथालयाच्या फुटलेल्या काचेचा, एक मैदानावरच्या मोडलेल्या नळाचा आणि एक चक्क माझा. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी रिक्षात विसरले होते. हेडसर स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "गठ्ठा कुणाच्या ताब्यात होता?" मी खुर्चीतून उठेपर्यंत बाई म्हणाल्या, "माझ्या." दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याने गठ्ठा सुखरूप आणून दिला, पण मेमो निघाला तो निघालाच. मी माफी मागायला गेले तेव्हा त्या वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही सांगणारच होतात, मोरेबाई. मला फक्त ते विचारणं थांबवायचं होतं."

मला काही त्याचा अर्थ कळला नाही. वाटलं, बाईंना हुतात्मा व्हायची हौस आहे. प्रत्येक शाळेत अशी एकदोन माणसं असतात. आपण होऊन ओझी उचलतात आणि मग वर्षभर कण्हत बसतात. बाई कण्हायच्या नाहीत, एवढं मात्र खरं.

मी साताऱ्याकडची. लग्नानंतर तुळिंजला फ्लॅटमध्ये राहायला आले, वसईतल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि तिथूनच गुडघे घालवून निवृत्त झाले. डिमेलोबाई माझ्या आधीपासून तिथे होत्या. मराठी आणि इतिहास शिकवायच्या. वसईतच होळी नावाच्या भागात त्यांची वाडी होती. केळी, अळू, थोडी फुलं. वाडी भाऊ-भावजय बघायचे आणि बाई लग्न न करता त्यांच्यातच राहायच्या. अंगाने किरकोळ, केस अकाली पिकलेले, गळ्यात बारीक साखळीला क्रूस. स्टाफरूममधल्या आम्ही सगळ्या डोळ्यांत काजळ घालून यायचो, बाईंच्या डोळ्यांना ते कधी लागलं नाही. चेहरा दुपारच्या शेवटच्या तासाला असतो तसा, आणि तो सकाळी साडेसातलाही तसाच. नवीन आलेले शिक्षक काळजीने विचारायचे, "बाई, बरं नाही का?" त्यावर ठरलेलं उत्तर असायचं, "बरं आहे. जरा दमलेय." सव्वीस वर्षं मी हे एकच उत्तर ऐकलं. काही वर्षांनी मीही तेच द्यायला लागले, पण माझ्या दमण्याला कारणं होती आणि ती मी सगळ्यांना सांगायचे.

त्यांच्या वर्गात एक नियम होता. तक्रार करायची असेल तर करा, पण नाव घ्यायचं नाही. मूल रडत आलं की त्या म्हणायच्या, "नाव नको. काय झालं ते सांग." त्यामुळे त्यांच्या वर्गातली मुलं बिननावाच्या तक्रारी करण्यात पटाईत झाली होती. "बाई, एकाने माझ्या डब्यातलं ऑम्लेट खाल्लं." "बरं. म्हणजे आता तुला भूक लागली असेल." आणि त्या आपल्या डब्यातली अर्धी पोळी काढून द्यायच्या. तो 'एक' तीन बाकं सोडून तोंड पुसत बसलेला असायचा. हजेरीसुद्धा त्या नंबराने घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो, अशाने मुलं चोर होतील."

"होतील तितकी होतील. चुगलखोर तरी होणार नाहीत."

"चुगली आणि साक्ष यात फरक असतो, बाई."

"असतो का?" त्या म्हणाल्या. "मला अजून सापडला नाही."

सूक्ष्मदर्शकाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती माझ्या डोळ्यांदेखत घडली. प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एक चांगल्या सूक्ष्मदर्शकाची लेन्स नाहीशी झाली. त्या आठवड्यात सहावीच्या मुली प्रयोगशाळा झाडत होत्या. हेडसरांनी त्यातली एक अगदी गरीब मुलगी निवडली, तिला वर्गासमोर उभं केलं आणि सांगितलं, "तू तिथे होतीस. कोणाला बघितलंस ते सांग. सांगितल्याशिवाय जागेवर बसायचं नाही." मुलगी एक तास उभी राहिली, मग दुसरा सुरू झाला. मी विज्ञानाची शिक्षिका, लेन्स माझ्या खात्यातली, म्हणून मीही तिथेच होते. खरं सांगायचं तर मलाही त्या मुलीने काहीतरी बोलावं असं वाटत होतं. तिने रडणं थांबवलं होतं आणि ती एकेका मुलीचा चेहरा बघायला लागली होती.

डिमेलोबाई शेजारच्या वर्गातून आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सर, तिला काही माहीत नाही. आता ती कोणाचंतरी नाव घेईल. घरी जायला मिळावं म्हणून घेईल."

"तुम्हाला काय माहीत?" सर म्हणाले.

"लेन्स माझ्या हातून पडली. केरात गेली असेल."

बाई मराठीच्या. त्या प्रयोगशाळेत कशाला जातील, हे सगळ्यांना कळत होतं. पण कबुली आल्यावर हेडसरांना पुढे काही करता येईना. मुलगी जागेवर बसली. पुढच्या उन्हाळ्यात रंगकामासाठी कपाट हलवलं तेव्हा भिंतीच्या फटीत ती लेन्स मिळाली. म्हणजे कोणीच चोरली नव्हती. त्या मुलीने ज्या कोणाचं नाव घेतलं असतं ते खोटंच ठरलं असतं. मी लेन्स बाईंना नेऊन दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, पुसली आणि परत दिली. "ठेवा जपून," एवढंच म्हणाल्या.

आमच्या शिपायाला, पांडूमामाला, एकदा उसण भरली. बाकं उचलताना कंबर धरली ती धरलीच. बिचारा काटकोनात चालायला लागला. तशातच तो स्टाफरूममध्ये आला आणि डिमेलोबाईंसमोर पालथा पडला. "बाई, पाय लावा. तुमच्या गावच्या फुलवालीनं सांगितलं, तुम्ही पायाळू आहात."

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. अशा माणसाचा पाय लागला की उसण जाते, हा समज आमच्या साताऱ्यालाही आहे. सगळ्या शिक्षिका हसायला लागल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आणखी काय सांगितलं तिने?" त्यांनी विचारलं. पांडूमामा जमिनीवरूनच म्हणाला, "आणखी काय असतंय, बाई? एवढंच." मग त्यांनी चप्पल काढली आणि त्याच्या कमरेला तीनदा पाय लावला. तो दोन दिवसांनी सरळ चालायला लागला. उसण तशीही दोन दिवसांत जाते, हे मी त्याला सांगून पाहिलं. पण तेव्हापासून बाईंकडे कंबर धरलेल्या माणसांची रीघ लागली, पालकसुद्धा यायला लागले. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "माझ्या पायात एवढं औषध असतं तर मी रोज रिक्षाला रांग लावली असती का?"

मग शाळेत एकदा अंधश्रद्धेवर व्याख्यान झालं. वक्ता तरुण आणि उत्साही होता. हातचलाखीने त्याने लिंबातून रक्त काढलं, नारळातून केस काढले. मुलं खूश. मग म्हणाला, आता अंजनाचा खेळ दाखवतो. भगत पायाळू मुलाला समोर बसवतो, त्याच्या हाताला काजळ लावतो, तेलाचा थेंब टाकतो आणि त्यात बघायला लावतो. चोर कोण, करणी कोणी केली, ते त्या काळ्यात दिसतं म्हणे. त्याने सातवीतल्या एका मुलाच्या अंगठ्याला काजळ फासलं. "काय दिसतं?" मुलगा म्हणाला, काही नाही. "नीट बघ." काही नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर मुलगा म्हणाला, "हेडसर." सगळं सभागृह हसून लोळायला लागलं. वक्ता म्हणाला, "बघा, कसं असतं. तीनदा विचारलं की मूल काहीतरी सांगतंच." तो अगदी बरोबर बोलत होता. मी टाळी वाजवताना शेजारी बघितलं तर बाईंची खुर्ची रिकामी.

बाई सहावीच्या रिकाम्या वर्गात मुलांच्या बाकावर बसल्या होत्या. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी घेतलं. मग मी काही न विचारता त्या बोलायला लागल्या. त्यांची घरची बोली मला पूर्ण कधी कळली नाही, पण त्या दिवशी मधूनच ती यायला लागली होती. कळलं तसं लिहिते.

बाई नऊ वर्षांच्या होत्या. त्या पावसाळ्यानंतर आळीतली दोन लहान मुलं तापाने गेली, तिसरं आजारी पडलं. विहिरीच्या पाण्याचा तो ताप होता, पण ते नंतर कळलं. आळीतल्या मोठ्या माणसांनी फादरांपासून लपवून कामणच्या पलीकडून एक भगत आणला. त्याने विचारलं, पायाळू मूल आहे का? फिलू होती. घरात बाईंना फिलू म्हणत, नाव फिलोमिना. त्यांना मागच्या पडवीत पाटावर बसवलं, तळहातावर काजळ चोपडलं, तेल टाकलं. आईने मागून खांदे धरले होते. दार बंद.

"मला काही दिसत नव्हतं," बाई म्हणाल्या. "चिमणीचा उजेड दिसायचा आणि माझंच नाक. मी सांगितलं, काही नाही. तो म्हणाला, बघ. दुपारी बसवलं होतं, दिवेलागण झाली. पायाला मुंग्या आल्या. तहान लागली. पाणी मागितलं तर म्हणाला, दिसल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. तो भगत दुष्ट नव्हता हो. त्यालाही शेवटची एसटी गाठायची होती. सारखा विचारायचा, किती वाजले. मग म्हणाला, काळ्यात दिसत नसेल तर डोळे मीट. डोळ्यांपुढे कोण येतं ते सांग."

"मग?"

"आमच्या शेजारी रोजामाय होती. तरुणपणीच नवरा गेलेला, लहान मुलगी. आमच्या घरी माणसं खूप, मला कोण विचारतो? शाळेतून आले की मी आधी तिच्या ओट्यावर जायची. ती तांब्या भरून पाणी द्यायची आणि हातावर गूळ ठेवायची. डोळे मिटल्यावर मला तीच दिसली. मी सांगितलं, रोजामाय येते."

"खोटं नव्हते बोलले मी, मोरेबाई. त्याने विचारलं तेच सांगितलं. मला तहान लागली होती, म्हणून ती आली."

रोजामायला कोणी हात लावला नाही. आळीतली माणसं सभ्य होती. त्यांनी फक्त तिच्याशी व्यवहार थांबवला. तिच्या ओट्यावरून जाणं बंद, तिच्या हातचं घेणं बंद, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बाकावर तिच्या शेजारी जागा रिकामी. बायका मिळून बाजाराला फुलं न्यायच्या, त्यांनी तिची टोपली उचलायचं बंद केलं. तिच्या मुलीशी कोणी खेळेना. पोरं मागून डाकीण म्हणायची. वर्षभरात ती मुलीला घेऊन आळी सोडून गेली. दरम्यान आरोग्य खात्याच्या माणसाने विहिरीत औषध टाकलं आणि ताप थांबला. गावाने दोन्ही गोष्टी जोडल्या. रोजामाय गेली, ताप गेला. विहिरीचं औषध कोणाच्या लक्षात राहिलं नाही, पायाळू फिलूची नजर मात्र राहिली. कोंबडी हरवली तरी लोक तिला बोलवायला यायचे. ती माळ्यावर लपून बसायची.

"विसाव्या वर्षी मी फादरांकडे पापनिवेदन केलं," बाई म्हणाल्या. "ते म्हणाले, देवाने क्षमा केली आहे. पण जे तोंडाने केलंस ते तोंडानेच निस्तरायला हवं. गावासमोर सांग."

गावासमोर म्हणजे क्रुसापाशी. मे महिन्यात त्यांच्या आळीत संध्याकाळी क्रुसापाशी सगळे जमतात, रोजरीची प्रार्थना होते, मग फुटाणे वाटतात. बाई दर मे महिन्यात ठरवायच्या, आज प्रार्थना संपल्यावर उभं राहायचं आणि सांगायचं. पण आई समोर बसलेली असायची, जिने खांदे धरले होते. तिला कसं उघडं पाडायचं? मग वडिलांचं आजारपण. मग भाचीचं लग्न ठरायचं होतं. दर मे महिन्यात कोणी ना कोणी आड यायचं. जवळजवळ चार दशकं त्या फुटाणे घेऊन घरी परत येत होत्या. माझ्यासारख्या बाईला हे ऐकून राग यायला हवा होता. पण मला नुसतं दमल्यासारखं झालं. आपणही अशी किती वाक्यं गिळून घरी आलेलो असतो, त्यातल्या एखाद्याखाली कोणी चिरडलेलंही असेल. कोणी मोजलंय?

बाई निवृत्त झाल्या, त्याच वर्षी त्यांची आई गेली. महिनाभराने फोन आला. "येत्या मे महिन्यात सांगणार आहे. आता कोणी आड नाही." आवाजात इतका हलकेपणा मी कधी ऐकला नव्हता.

आणि पुढचं मी केलं. करायला हवं होतं की नको, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. त्या दिवसांत माझा नातू सारखा रडायचा. शेजारीण म्हणाली, "मागच्या चाळीत मीठवाली आजी आहे, दृष्ट काढते. वसईची आहे. गावाने डाकीण म्हणून हाकललेली, म्हणजे विचार करा, हाताला किती गुण असेल. रोजामाय म्हणतात." मी विज्ञानाची शिक्षिका, आधी या असल्या भाकडकथेवर शेजारणीला चार शब्द सुनावले. मग नाव डोक्यात उतरलं. मी तशीच उठले आणि बाईंना फोन लावला.

त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. तुळिंजच्या बाजारातून आम्ही दोघी चालत गेलो. भाजीच्या गाड्या, मोबाईलच्या कव्हरांचे ढीग, हॉर्न. बाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. चाळीत शेवटच्या खोलीबाहेर दहाबारा माणसं रांगेत बसली होती. बाळं घेतलेल्या बाया, एक रिक्षावाला, एक नवीन दुकानाची किल्ली घेऊन आलेला पोरगा. प्रत्येकाजवळ पिशवीत तांदूळ, तेलाची बाटली, नाहीतर नारळ. मंगळवार होता. आम्ही रांग संपेपर्यंत थांबलो.

रोजामाय ऐंशीच्या घरात होती. मोतीबिंदूने डोळे दुधाळ झालेले, पण पाठ ताठ. मुलगी काही वर्षांपूर्वी वारली होती, कॉलेजात जाणारी नात आजीजवळ राहायची. म्हातारीने प्रत्येकाच्या अंगावरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि प्रत्येक बाळाच्या आईला आधी विचारलं, "डाक्टरला दावलंस? आधी डाक्टर, मग मी." मला बरं वाटलं.

माणसं गेल्यावर बाई पुढे झाल्या. "रोजामाय, मी फिलू. लुईसची."

म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "पायाली पोर," ती म्हणाली. "बस गो."

बाईंनी सगळं सांगितलं. पाट, काजळ, शेवटची एसटी, मिटलेले डोळे. सांगताना त्यांनी स्वतःला कुठेच सोडवलं नाही, आईने खांदे धरल्याचं तर त्या बोलल्याही नाहीत. म्हातारी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तान लागली होती तुला?"

"हो."

"मग पानी मागायचं. नाव कशाला घ्यायचं?"

त्यावर बाईंना रडू फुटलं. नऊ वर्षांच्या पोरीसारखं, नाक ओढत. त्यांनी पाणी मागितलं होतं, ते दिलं नव्हतं, हे सांगायचं राहूनच गेलं. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात दाबला.

रडणं ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "मे महिन्यात क्रुसापाशी सांगणार आहे. सगळ्यांसमोर. रोजामायने काही केलं नव्हतं, मी चुकले म्हणून. तुला घेऊन जाते. तू माझ्या शेजारी बस."

"नको," म्हातारी म्हणाली.

"का?"

"आता सांगून कोनाला काय? ज्यांनी टाकलं ते मेले." तिने मिठाचं ताट बाजूला सरकवलं. "आन तू सांगशील ते हितवर येल. आजकाल काय रातभर बी लागत नाय, मोबाईलवर येतं. गावाची फुलवाली हितल्या बाजारात बसते, तीच आधी सांगंल. रोजामायमधी काय नव्हतं, पोरीनं उगाच नाव घेतलं. मग हे तांदूल कोन आनील? तिथं भिऊन मला काडलं, हितं भिऊन देतात. पयले मी लोकांच्या घरची भांडी घासली. पाठ मोडली तवा कोनीतरी बोललं, ही डाकीन हाय वसईची, ही नजर काडंल. तवापासून जेवतो आमी. पोरीचं शिक्षन हाय." आतल्या खोलीत नात पुस्तक घेऊन बसली होती.

"मग मी काय करू?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज विझलेला होता.

"भरपाई करायची हाय ना? मंगलवारी येत जा. रांगेत बस. शिकलेली मास्तरीन बसली का लोकांचा भरोसा बसतो."

मला वाटलं, म्हातारी चिडून बोलतेय किंवा चेष्टा करतेय. तिच्या चेहऱ्यावर दोन्ही नव्हतं. दिवसभराचं काम संपवून दमलेली बाई जसं उद्याचं काम सांगते, तशी ती बोलत होती.

परत येताना मी बाईंना खूप समजावलं. सांगितलं, हे बरोबर नाही, तुमच्या सत्याचं काय, फादरांनी सांगितलं त्याचं काय. मी तर तावातावाने असंही म्हटलं की एक अंधश्रद्धा पुसायला निघालात आणि दुसरीला खतपाणी घालणार का? त्या बाजारातून चालत राहिल्या. रिक्षापाशी आल्यावर म्हणाल्या, "मोरेबाई, सांगितलं असतं तर मला झोप लागली असती. तिला काय मिळालं असतं?" आता कोणी म्हणेल, उत्तर सोपं आहे. सोपं असेलही.

तो मे महिना आला. क्रुसापाशी रोजरी झाली, फुटाणे वाटले, आणि बाई बोलल्या नाहीत. मी मुद्दाम फोन करून विचारलं होतं. "मंगळवारी येतेय तिकडे," एवढंच म्हणाल्या.

त्या खरंच यायला लागल्या. होळीहून तुळिंजला दोन रिक्षा बदलून, पिशवीत वाडीची केळी आणि दोन मुठी तांदूळ घेऊन. रोजामाय त्यांच्या अंगावरूनही सगळ्यांसारखं मीठ उतरवायची, त्यांच्याकडूनही सगळ्यांसारखे तांदूळ घ्यायची, एक शब्द जास्त बोलायची नाही. कधी पुन्हा गूळ दिला का, मी विचारलं नाही. बाईंनी सांगितलं असतं असंही नाही. दोन वर्षांनी बाई हृदयविकाराने झोपेत गेल्या, म्हणजे शेवटी झोप लागली म्हणायची. रोजामाय त्यांच्यानंतर वर्षभराने गेली. नात आता विरारला एका ऑफिसात नोकरी करते, तांदळाची गरज राहिलेली नाही. म्हणून हे लिहायला आता हरकत नसावी. बाईंना चाललं असतं का, ते मला माहीत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं तो असाच एक मंगळवार. मी भाजी घेऊन चाळीवरून येत होते. रांग मोठी होती. बाई मध्ये कुठेतरी जमिनीवर बसल्या होत्या, पदर आवरून, पिशवी मांडीवर घेऊन. मी हाक मारणार होते, पण त्यांच्या पुढची एक तरुण बाई मागे वळून त्यांच्याशी बोलत होती. तिच्या खांद्यावर तापलेलं, मलूल मूल होतं.

"मॅडम, तुम्ही टीचर होतात ना? माझी बहीण तुमच्या वर्गात होती," ती म्हणाली. "मग तुम्ही तरी खरं सांगा. या आजींच्यात खरंच काही पॉवर आहे, की लोक असंच बोलतात?"

बाईंनी मांडीवरची पिशवी सारखी केली. आतून म्हातारीचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

"आहे," बाई म्हणाल्या.

"तुम्ही बघितलंय?"

"लहान असताना. माझ्या डोळ्यांनी." मग त्यांनी मुलाच्या कपाळाला हात लावून बघितला. "डॉक्टरचं औषध मात्र बंद करू नकोस."

ती बाई मान हलवून पुढे वळली. तेवढ्यात आतून कोणीतरी बाहेर आलं आणि रांग हलली. बाईंनी पिशवी उचलली, एक हात जमिनीला टेकवला आणि त्या एका माणसाएवढ्या पुढे सरकल्या.